दाऊंच्या परछीतला ब्रिज क्लब

कार्तिकातल्या कोवळ्या उन्हात, शेणाने सारवलेल्या अंगणात, बांबूच्या मोठ्या सुपात बावन्न पत्ते वाळत घातलेले असायचे. शेजारच्या सुपात कोहळ्याच्या वड्या, त्याच्या पलीकडे लाल मिरच्या, आणि मग हे... राजे, राण्या, गुलाम, सगळे एका ओळीत उताणे पडलेले. पावसाळाभर दमट हवेत राहून पत्ते मऊ पडत, एकमेकांना चिकटत, त्यांना विडीच्या धुराचा आणि हळदीच्या बोटांचा वास लागे; म्हणून दिवाळी झाली की आमचे घरमालक दाऊ यांची बायको, जिला सगळं गाव दाई म्हणायचं, त्यांना चिमूटभर तांदळाची पिठी चोळून उन्हात ठेवी आणि कोंबड्या हाकलायला मला बसवी. एकदा माझं लक्ष नव्हतं आणि कोंबडीने बदामाच्या राणीवर चोच मारली. तेव्हापासून राणीच्या गालाला बारीक भोक पडलं, आणि ती कुणाच्या हातात आहे हे पाठीमागूनही कळायला लागलं. कळलं तरी न कळल्यासारखं खेळायचं, असा आमच्या क्लबाने त्याच रविवारी ठराव केला.

हो, क्लबाने. मरोदा ब्रिज क्लब. हसू येत असेल तर खुशाल हसा, हसणाऱ्यांची आम्हाला सवय आहे. परवा भिलाईत नेहरू नगरातल्या माझ्या घरी दोन तरुण आले होते, अगदी सभ्य, हातात फाइल घेऊन. टाउनशिपमधल्या साहेबांच्या जुन्या क्लबाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात ब्रिजच्या इतिहासाचं एक पान आहे, आणि मी इथली जुनी म्हणून माझ्याकडून एखादी गोड आठवण हवी होती, दहा-बारा ओळींत. पानाचा मजकूर त्यांनी मला वाचायला दिला. पहिलंच वाक्य असं की, या गावात ब्रिजचा पाया त्या क्लबाच्या सभागृहात घातला गेला. मी त्यांना चहा दिला, चिवडा दिला, आणि हे खोटं आहे असं सांगितलं. त्यातला एक जण समजुतीच्या सुरात म्हणाला, "आंटी, इतना तो चलता है." मला नाही चालत. त्या सभागृहात पहिली खुर्ची लागण्याच्या आधीपासून मरोद्यात ब्रिज रंगत होता, आणि तो कुणी रंगवला ते मी या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दहा ओळींत ते मावणार नाही, म्हणून सवडीने लिहायला बसले आहे.

आम्ही मूळचे तिरोड्याकडचे, भातशेती करणारे. बाबा भिलाईला आले ते रिगर म्हणून — जहाजातून आणि मग मालगाडीतून आलेली अजस्र यंत्रं दोरखंड आणि कप्प्या लावून उचलायची आणि नेमक्या जागी, बोटभरही इकडेतिकडे न होऊ देता, उतरवायची हे त्यांचं काम. कारखाना आधी आणि माणसांची घरं मागाहून, अशी तेव्हाची तऱ्हा होती. क्वार्टरच्या यादीत नाव घालायचं आणि वाट पाहायची. तोवर मरोदा गावात दाऊंच्या घरी आम्ही दोन खोल्या घेतल्या होत्या. छुही नावाच्या पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंती, आणि घराच्या पुढच्या अंगाला लांबच लांब परछी, म्हणजे आपली पडवी. ओल्या छुहीचा वास, उकडलेल्या धानाचा वास, मोहाची फुलं वाळत घातली की घरभर रेंगाळणारा तो गोडूस, जड वास... आणि या सगळ्यावर दिवसभर येऊन बसणारी बांधकामाची लाल धूळ. लांबून जमिनीत खांब ठोकणाऱ्या यंत्राचा आवाज येई, धप्प... धप्प... आणि त्या ठोक्यागणिक परातीतल्या पाण्यावर बारीक वलयं उठत. आम्हा मुलांना त्याची इतकी सवय झाली होती की रविवारी ठोके बंद असले की कान रिकामे वाटत.

दाऊ या घराचे मालक. उंच, सावळे, पांढऱ्याशुभ्र मिशांचे. त्यांची बहुतेक सगळी जमीन टाउनशिपसाठी गेली होती. घर राहिलं होतं, बैलांचा रिकामा गोठा राहिला होता आणि पहाटे उठायची सवय राहिली होती. अंधार फिटायच्या आत ते उठत, डोक्याला पटका बांधत, काठी घेत आणि उंबऱ्यापाशी येऊन थांबत. कारण जायला शेतच नव्हतं. थोडा वेळ तसेच उभे राहून ते परत खाटेवर येऊन बसत. मी शाळेला निघताना त्यांना कितीदा तरी तसं पाहिलं आहे, आणि तेव्हा त्यात काही विशेष आहे असं मला वाटलं नव्हतं, याची आज लाज वाटते.

त्यांना खेळाला बसवलं ते बोरकर काकांनी. बोरकर काका स्टोअरमधले कारकून, नागपूरचे, एकटे राहणारे, मळक्या कोटाच्या खिशात नेहमी पेन्सिलीचा तुकडा. आधी ते नागपूरला रेल्वेच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये कामाला होते. साहेब लोक संध्याकाळी ब्रिज खेळत आणि काकांनी खुर्चीमागे उभं राहून पत्ते आणून द्यायचे, गुण मांडायचे. बारा वर्षं उभं राहून त्यांनी तो खेळ पाहिला होता. बसले एकदाही नव्हते. एका रविवारी बाबा, दाऊ आणि शेजारी राहणारा राव नावाचा तेलुगू वेल्डर असे तिघे परछीत मेंढीकोट खेळत असताना काका म्हणाले, "हे सोडा. मी तुमाले खरा खेळ शिकवतो." तशी सुरुवात झाली. दोघा-दोघांची जोडी, समोरासमोर बसायचं, आधी बोली लावायची, आणि ज्याची बोली ठरेल त्याच्या जोडीदाराने आपले तेराही पत्ते सगळ्यांसमोर उघडे मांडून गप्प बसायचं. त्या उघड्या हाताला डमी म्हणतात हे मला आठव्या वर्षी ठाऊक होतं.

पहिला डाव दाऊंनी वाटला. त्यांनी पत्ते पिसले आणि उजव्या हाताला बसलेल्या बोरकर काकांपुढे पहिलं पान टाकलं, मग त्यांच्या उजवीकडे, मग त्यांच्या. काका काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. दाऊंनी विचारलं, "का होगे?" काका म्हणाले, "काही नाही." दाऊंच्या घरात प्रसाद असो, पान-सुपारी असो, जेवणाच्या पंगतीतलं वरण असो, जेवनी म्हणजे उजव्या हाताकडूनच फिरायचं, पाहुणा नेहमी उजवीकडे आणि पहिला मान त्याचा. तेव्हा ब्रिजही उजवीकडूनच फिरू लागला. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

महिन्याभरात क्लब उभा राहिला. रशियातून यंत्रं ज्या पेट्यांतून येत त्यांच्या फळ्या ठोकून बाबांनी टेबल केलं. त्यावर कुणाला न वाचता येणारी मोठी काळी अक्षरं होती आणि त्या लाकडाला राळेचा असा काही सुगंध होता की मी अभ्यासाला मुद्दाम त्यावर गाल टेकून बसे. काकांनी पत्र्याच्या तुकड्यावर निळ्या रंगात 'मरोदा ब्रिज क्लब' लिहून परछीच्या खांबाला टांगलं. एका जाड वहीत ते दर रविवारचं इतिवृत्त लिहीत, अगदी अलंकारिक मराठीत: 'आज श्रीयुत दाऊजींनी अतुल धैर्याने तीन इस्पिकांची बोली लावली व ते सपशेल बुडाले.' ती वाचून दाखवली की दाऊ सगळ्यात मोठ्याने हसत. रविवारी सकाळी ते आता उंबऱ्यापाशी थांबत नसत. टेबल पुसून, चार जागा मांडून, बाबांच्या नावाने हाका मारत बसत.

मग रावची रुरकेल्याला बदली झाली. तिघे उरले, आणि ब्रिजला तिघे म्हणजे काहीच नाही. दोन रविवार तिघे टेबलाभोवती तोंडं पाडून बसले. तिसऱ्या रविवारी आई तिथंच पडवीच्या कडेला तांदूळ निवडत होती. खडे वेचता वेचता, मान वर न करता, ती बाबांना म्हणाली, "राव गेला त्या दिवशी तुमी चौकटची राणी काऊन टाकली? राजा तर दाऊजीपाशी होता. त्याइनं दुसऱ्याच हाताले गुलाम दाबून ठेवला होता ना." तीन आठवड्यांपूर्वीचा डाव होता तो! वर्षभर तिथं बसून तांदूळ, डाळ, मेथी निवडताना आईने प्रत्येक पान मनात साठवून ठेवलं होतं, आणि तिला कुणी विचारलं नाही म्हणून ती बोलली नव्हती. दाऊंनी काठीने रिकामी जागा दाखवली. "बहू, आ, बइठ."

आई बसली. गावातल्या मराठी घरांतून काय काय बोललं गेलं ते सांगत नाही, तुम्हाला अंदाज येईल. बाई माणसाने पुरुषांत बसून पत्ते कुटायचे, म्हणून नाकं मुरडली गेली, हळदीकुंकवाची बोलावणी कमी झाली. आईने काडीचीही पर्वा केली नाही. डमी झाली की ती पत्ते मांडून उठे, भाजी परतून येई, भाताखालचा जाळ कमी करी आणि डाव संपायच्या आत परत जागेवर. तिच्या मते ब्रिजसारखा बायकांच्या सोयीचा खेळ दुसरा नव्हता. त्या दिवसांत तिच्या चेहऱ्यावर जे काही असायचं ते मी नंतर फारसं पाहिलं नाही... चुलीपासून उठून आलेली, कपाळावर घाम, हातात तेरा पत्ते, आणि डोळे कुठेतरी लांब लागलेले.

साठे साहेब आले ते थंडीत. बाबांच्या खात्याचे मोठे साहेब, पुण्याकडचे, ब्रिजचे मोठे षौकीन. मरोद्यात खेड्यातली माणसं ब्रिज खेळतात असं कुणीतरी गंमत म्हणून त्यांना सांगितलं, आणि रविवारी त्यांची जीप आमच्या दारात उभी राहिली. ते खाटेवर बसले, दाईने दिलेला गूळ-पाण्याचा पेला त्यांनी घेतला, आणि दोन मिनिटांत त्यांना हसू फुटलं. "अहो, हे काय उलटं चाललंय? ब्रिज डावीकडे फिरतो. सगळ्या जगात डावीकडेच फिरतो."

सगळ्यांनी बोरकर काकांकडे पाहिलं. काका पेन्सिल बोटांत फिरवत राहिले, आणि मग म्हणाले, "मले माहीत हाये, सायेब. बारा वर्षं डावीकडूनच फिरताना पाह्यला मी. उभं राहून पाह्यला. तिथं मले कोणी बस म्हटलं नाही. इथं पयल्या दिवशी दाऊजीनं पत्ते वाटले अन् पयलं पान माह्यापुढं टाकलं. मंग मी काऊन सांगू?"

साहेब थोडे वरमले, पण बसून राहिले. आणि मग त्यांनी आईचा खेळ पाहिला. चार बदामांची बोली होती, आईने हातातला एक्का दाबून ठेवला, दोन हात खुशाल जाऊ दिले, आणि शेवटी सगळं आपल्या बाजूला ओढून आणलं. साहेबांनी विचारलं, "बाई, हे कुठं शिकलात?" आई म्हणाली, "शिकली नाही. कोणं काय टाकलं ते ध्यानात ठेवलं." जाताना त्यांनी बाबांशी हात मिळवला, आईला नमस्कार केला.

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला साहेबांच्या नव्या क्लबात ब्रिजची स्पर्धा जाहीर झाली. सूचनेत लिहिलं होतं की, परिसरातल्या सर्व ब्रिजप्रेमींसाठी खुली. साठे साहेबांचा जोडीदार बदली होऊन गेला होता. त्यांनी बाबांना बोलावून सांगितलं, "तुम्ही माझ्यासोबत बसा. आणि क्वार्टरचं माझ्याकडे लागलं."

आता मला क्वार्टर म्हणजे काय वाटत होतं ते सांगायलाच हवं. माझ्या वर्गातली एक मैत्रीण क्वार्टरमध्ये राहायला गेली होती आणि तिच्या स्वयंपाकघरात, भिंतीतून, नळ आला होता. मरोद्याची विहीर गावाच्या दुसऱ्या टोकाला. आईच्या दोन घागरी, माझी एक कळशी, सकाळच्या सहा खेपा. मान अवघडलेली, परकराची ओली कड पायांना चिकटलेली, शाळेत रोज उशीर आणि रोज बाकावर उभं राहणं. मी त्या नळाखाली नुसता हात धरून उभी राहिले होते. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. बाबांनी साहेबांचं बोलणं घरी सांगितलं तेव्हा मी आनंदाने टाळी वाजवली.

आईने विचारलं, "अन् मी?"

बाबा म्हणाले, "तू कशी येशील वो तिथं?"

"जशी इथं येतो तशी."

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी बाबांनी साहेबांना सांगितलं की खेळलो तर मी माझ्या बायकोबरोबर खेळीन, आणि आमच्या क्लबाच्या दोन जोड्या घ्याव्यात — आम्ही दोघं, आणि बोरकर-दाऊजी. साठे साहेब मनाने वाईट नव्हते, हे मी मुद्दाम लिहिते. त्यांनी दोन्ही जोड्यांची नावं लिहून घेतली, डावीकडून खेळावं लागेल एवढं बजावलं, आणि क्वार्टरचंही बघू म्हणाले. मग तीन आठवडे परछीत डावीकडे फिरण्याचा सराव. दाऊंचा हात सारखा उजवीकडेच जाई. शेवटी दाईने त्यांच्या डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून दिला. ते दर वेळी दोऱ्याकडे बघत, मान हलवत आणि पुटपुटत पान टाकत. एकदा मी त्यांना विचारलं की तो क्लब तुम्ही पाहिला आहे का. ते म्हणाले, "देखे हौं, नोनी. वो किलब मोर खेतच म तो बने हे." पोरी, तो क्लब तर माझ्याच शेतात बांधलाय, असं ते सांगत होते.

स्पर्धेच्या रविवारी दुपारी दोन सायकलींवर आम्ही पाच जण निघालो. आईने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. बाबांची सायकल पुढे गेली, दाऊंना मागे बसवून येणारी काकांची सायकल मागे राहिली. फाटकावर बाबांनी नाव सांगितलं आणि आम्ही आत गेलो. त्या सभागृहातला थंडावा... छताला पंखे, गुळगुळीत फरशी, फिनेल आणि केकचा मिसळलेला वास, टेबलांवर हिरवं लोकरी बनातीचं कापड, खिडक्यांना पडदे. एका बाईने माझ्या हातात बशी दिली, तिच्यात गुलाबी साय लावलेली पेस्ट्री होती. आई-बाबा समोरासमोर बसले. पत्ते वाटले गेले. आईने आपले पत्ते उचलून लावले आणि तिच्या भुवया किंचित वर गेल्या. पुढे आयुष्यभर ती सांगायची की असा हात तिला परत कधी आला नाही, एकट्या बदामाचीच सात पानं होती.

तेवढ्यात बोरकर काका एकटेच आत आले. टोपी हातात. "दाऊजीले फाटकावर थांबवलं," ते म्हणाले.

आईने साठे साहेबांना विचारलं, "सायेब, दाऊजीचं नाव हाये ना यादीत?"

"आहे हो. पण आज वरून सांगितलंय, फक्त कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय. ते काय, बाहेरचे पडतात ना. बोरकरांना आपण दुसरा जोडीदार देऊ, काळजी करू नका."

"बाहेरचे?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण शेजारच्या टेबलांवरची बोली थांबली. "सायेब, आपण बसलो हाओ ना, इथं त्याइचं धान होतं. ते फाटक हाये ना, तो त्याइच्या बांधीचा धुरा होता. ते बाहेरचे, अन् आमी कुठचे? तिरोड्याचे. अन् तुमी?"

आईने हातातले तेरा पत्ते, ती बदामाची सात पानं, सगळ्यांना दिसतील असे टेबलावर उघडे मांडले आणि ती उठली. बाबा बसून होते. त्यांच्या समोर आईची रिकामी खुर्ची, बाजूला त्यांच्या खात्याचे साहेब, आणि पाच पावलांवर मी. मी मनातल्या मनात म्हणत होते, बाबा, उठू नका, उठू नका... आई दारापर्यंत पोचली, तिने मागे वळून पाहिलं नाही. मग बाबा उठले. उठून त्यांनी स्वतःची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, आईचीही सरकवली, साहेबांना नमस्कार केला आणि ते बाहेर गेले.

फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जुन्या धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, एक तुकडा तसाच राहिला होता, गवत वाढलेला. दाऊ त्यावर काठी टेकून उभे होते. "बहू, तैं जा, खेल. मैं इहाँ ठीक हौं," ते म्हणाले. आई म्हणाली, "तिघात खेळता येत नाही, दाऊजी." मग दाऊंनी डोक्याचा पटका सोडून गवतावर अंथरला, काकांनी कोटाच्या खिशातून पत्त्यांचा आपला जुना जोड काढला, आणि चौघे भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या समोर, मांडी घालून बसले. दाऊंनी मनगटावरचा दोरा तोडून टाकला. पत्ते वाटले ते उजवीकडून.

आणि मी? मी ती पेस्ट्री खाऊन संपवली आणि मग धावत बाहेर आले. माझ्या डोळ्यांसमोर नुसता तो नळ होता. मी दाऊंच्या समोर उभी राहून किंचाळले, "तुमच्यामुळं! तुमच्याचमुळं आमाले क्वार्टर नाही भेटत! मी काऊन पाणी भरू आता?" आईने माझ्यावर हात उगारला. दाऊंनी तो वरच्यावर धरला. मग ते थोडे सरकले आणि पटक्यावर आपल्या शेजारी माझ्यासाठी जागा केली. मी बसले नाही, पाठ फिरवून उभी राहिले.

चहाच्या वेळी आतली माणसं बाहेर आली. कुणी हसली, कुणी नुसती बघत राहिली. साठे साहेब जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, झाला ना आता तमाशा? चला, आत चला." आईने पान टाकलं आणि मग वर पाहिलं. "नाही सायेब. अजून दोन डाव बाकी हायेत."

स्पर्धा कुणी जिंकली ते स्मरणिकेत येईलच. आमचं म्हणाल तर क्वार्टरच्या यादीतलं आमचं नाव खाली खाली सरकत गेलं. योगायोग म्हणायचा असेल तर म्हणा. पण पुढच्याच महिन्यात एक बंगाली इंजिनिअर आणि त्यांचे एक पंजाबी मित्र स्कूटरवरून मरोद्याला आले, परछीत चपला काढून बसले, आणि दाऊंनी पान टाकलं तसं एक शब्द न बोलता उजवीकडून खेळले. मग आणखी आले. बाबांना दुसरं टेबल ठोकावं लागलं. तीन वर्षं तो क्लब गाजला, आणि त्या तीन वर्षांत कुणालाही, कुणाचा कोण आहेस, हे उंबऱ्यावर विचारलं गेलं नाही. हा इतिहास आहे. तो कुठल्याही सभागृहात घडलेला नाही.

पुढे बोरकर काका निवृत्त होऊन नागपूरला गेले, वही घेऊन. आम्हाला उशिरा का होईना क्वार्टर मिळालं. त्यानंतरच्या उन्हाळ्यात दाऊ गेले, आणि त्यांच्या जागी आईने कुणालाही बसू दिलं नाही. साहेबांच्या त्या क्लबाचा सभासद होण्याचा फॉर्म पुढे बाबांना आला, मग माझ्या नवऱ्याला, मग मलाही. आमच्यापैकी कुणी तो भरला नाही आणि भरणारही नाही.

आता एकच सांगायचं राहिलं आहे, आणि ते सांगणं मला जड जातं. आम्ही मरोदा सोडलं त्या दिवशी सामानाच्या बैलगाडीबरोबर दाऊ चालत आले होते. मी तेरा वर्षांची, नव्या घराच्या कोऱ्या चुन्याच्या वासात या खोलीतून त्या खोलीत नाचत होते. आई-बाबा ट्रंका उतरवत होते. दाऊंनी मला स्वयंपाकघरात हाक मारली. ते नळापाशी उभे होते. त्यांनी चावी फिरवली. आधी नुसतीच हवा खरखरली, मग तांबूस पाणी आलं, आणि मग स्वच्छ. त्यांनी माझं मनगट धरून माझा हात त्या धारेखाली ठेवला आणि म्हणाले, "ले नोनी, आ गे तोर पानी."

म्हणजे त्यांच्या ते लक्षात होतं. त्या धुऱ्यावर मी जे बोलले ते तीन वर्षं त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी पटक्याच्या टोकाने माझा हात पुसला, काठी घेतली आणि आई चहासाठी थांबा म्हणेपर्यंत ते दाराबाहेर पडलेही होते. मी नळ बंद करून मागे धावले तेव्हा ते चौकाच्या पलीकडे गेले होते, मरोद्याच्या वाटेला, भराभर चालत. मी हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. मी मारली नाही.